वर विचारून सांगितलं होतं

११ फेब्रुवारी

प्रिय वहिनी,

काल फोनवर मी म्हणाले, दादाचं विमान चुकलं. ते खरं नाही. आई शेजारीच होती. पक्षाघाताने तिची उजवी बाजू गेली तरी कान शाबूत आहेत, म्हणून तेवढंच बोलले. यापुढे जे फोनवर बोलता येणार नाही ते मी पत्रात लिहीन. तूही तसंच कर.

दादा वेळेवर विमानतळावर पोचला होता. बॅग वजनकाट्यावर ठेवली, पासपोर्ट दिला. काउंटरवरच्या मुलीने बराच वेळ पडद्याकडे बघितलं आणि शेजारच्या माणसाला बोलावलं. त्यांनी सांगितलं की तुमच्याकडे तिकडे परत जायचा परवाना नाही. जुन्याची मुदत संपली आहे, आणि कायम राहण्यासाठी तुम्ही जो अर्ज केला होता तो तुम्ही देश सोडलात त्याच दिवशी रद्द झाला. दादाने पुन्हा पुन्हा सांगितलं की मी निघण्याआधी सरकारी सल्ला कार्यालयात जाऊन विचारलं होतं. ती मुलगी म्हणे चांगली होती. तिने पाणी दिलं. पण विमान गेलं.

दुपारी तो बॅग घेऊन दारात उभा राहिला. आई खुर्चीत बसली होती. तिच्या चेहऱ्याची जी बाजू हलते ती सगळी हसली. "थांबलास?" एवढंच म्हणाली. दादा माझ्याकडे बघत राहिला, मग म्हणाला, "हो. थांबलो."

तेव्हापासून आई दोन वेळा नीट जेवते. तिला वाटतंय मुलगा तिच्यासाठी राहिला. आता तिला खरं कोण सांगणार?

दादा म्हणतो, त्या कार्यालयातल्या मफलरवाल्या माणसाने त्याला स्पष्ट सांगितलं होतं की आजारी आईला भेटून या, अर्जाला काही होत नाही. वहिनी, तुम्ही नेमकं काय विचारलं होतं? बोलण्यात काही गफलत तर झाली नाही ना? राग मानू नकोस. तो नीट बोलत नाही, म्हणून तुला विचारते.

ठकीला पापा.

तुझी नणंद

२४ फेब्रुवारी

प्रिय वन्सं,

(माझ्यापेक्षा लहान असलीस तरी नणंद ती नणंदच. असं चिडवल्याशिवाय मला तुला पत्र सुरूच करता येत नाही. आज तर त्याची जास्तच गरज आहे.)

विचारायला तुझा दादा एकटाच गेला होता, मी कामावर होते. पण घरी येऊन त्याने मला शब्द न् शब्द सांगितला होता आणि गफलत होण्यासारखं त्यात काही नव्हतं. "आई आजारी आहे. जाऊन येऊ का? माझा अर्ज चालू राहील का?" यापेक्षा सोपा प्रश्न कुणी कसा विचारायचा?

तुझं पत्र आलं त्याच्या दुसऱ्या दिवशी मी रजा टाकून तिथे गेले. लांबट हॉल आहे. जमिनीला ठोकलेल्या खुर्च्यांच्या रांगा, भिंतीवर पुकारलेला नंबर दाखवणारा दिवा, आणि समोर सहा खिडक्या. वर मोठ्या अक्षरांत लिहिलंय, 'मोफत आणि विश्वासार्ह सल्ला'. माझा नंबर लागला त्या खिडकीत एक तरुण मुलगी होती. ती म्हणाली, परवान्याची मुदत संपलेली असताना अर्जदार बाहेर गेला तर अर्ज रद्द होतो, गेल्या सप्टेंबरपासून हा नियम आहे. मी म्हटलं, तुमच्याच माणसाने जानेवारीत उलट सांगितलं. ती म्हणाली, आमच्याकडून असं सांगितलं जाणार नाही. मी म्हटलं, तुमच्या दप्तरी बघा. तर तोंडी सल्ल्याची नोंदच ठेवत नाहीत. मग तिने काचेच्या कोपऱ्यात चिकटवलेल्या बारीक अक्षरांकडे बोट दाखवलं. इथे मिळालेली माहिती कार्यालयावर बंधनकारक नाही.

वन्सं, मी दिवसभर लोकांच्या कवळ्या घडवते. खायचे दात आणि दाखवायचे दात यांतला फरक मला कळतो.

पण खरी गोष्ट पुढेच आहे. मी उठले तरी पाय निघेनात, म्हणून मागच्या रांगेत बसून राहिले. दोन सख्खे भाऊ आले होते. नंबर वेगवेगळे घेतले होते, म्हणून वेगवेगळ्या खिडक्यांवर गेले. प्रश्न एकच होता, बायकोला कधी आणता येईल. एकाला सांगितलं लगेच, दुसऱ्याला सांगितलं वर्षाने. दोघे बाहेर दाराशी उभे राहून एकमेकांशी भांडत होते, तू नीट ऐकलं नाहीस म्हणून. आपल्याकडेही तेच चाललंय बघ. तू मला विचारतेस, गफलत झाली का. माझ्या मनात येतं, त्यानेच चुकीचं ऐकलं असेल का. चूक खिडकीच्या आतली, आणि वाद आपल्या घरात.

मी तक्रार केली आहे. या कार्यालयाच्या वर एक तपासणी विभाग आहे, त्यांच्याकडे.

ठकीला सांगितलंय की बाबा आजीची काळजी घ्यायला थांबलाय. म्हणजे आजी आणि नात, दोघींना आपण एकच थाप मारली आहे. दादालाही सांग, फोनवर वेगळं काही बोलू नकोस म्हणावं.

आणि परत या असं मला कुणी म्हणू नका. निदान आत्ता नको.

तुझी वहिनी

२० मार्च

प्रिय वहिनी,

आधी दादाचं. पहिले काही आठवडे तो नुसता खिडकीशी बसून असायचा. मग आमच्या हॉस्पिटलमधल्या दोन लिफ्ट एकदम बंद पडल्या आणि कंपनीचा माणूस येईना. तिकडेही तो लिफ्टचंच काम करायचा, म्हणून मी त्याला घेऊन गेले. दुपारपर्यंत त्याने दोन्ही चालू केल्या. आता त्यांनी त्याला ठेवूनच घेतलंय. सकाळी तो आणि मी बरोबर निघतो. मी तळमजल्यावर रुग्णांचे हातपाय हलवते, तो वर गच्चीतल्या यंत्राच्या खोलीत असतो.

आई भिंतीला धरून उभी राहायला लागली आहे. मी व्यायाम शिकवणारी, पण माझ्या हाताने ती कधी उठली नाही. तो म्हणाला, "ऊठ," आणि ती उठली. मला हसू आलं आणि थोडा रागही आला.

आता जे लिहिते ते वाचून काय वाटायचं ते वाटो. वहिनी, मला बरं वाटतंय. तीन वर्षं मी एकटीने हे घर ओढलं. आईला अंघोळ घालणं, कूस बदलणं, कामावर जाणं, बाई आली नाही की धावत परत येणं. तुम्ही फोनवर विचारायचात आणि मी म्हणायचे, सगळं ठीक. आता घरात दुसरं माणूस आहे. मी गाढ झोपते. दादाचा संसार मोडायला आलाय आणि मी झोपते. हे मी कुणाला सांगू? तुलाच सांगते, हा काय न्याय आहे बघ.

तो येत्या रविवारी तुला सांगणार आहे की तू आणि ठकी इकडे निघून या. मी सांगितलं असं दाखवू नकोस.

मागच्या दोन रविवारी तू फार तुटक बोललीस. आईचं दुखणं वाढल्याचं कळवून त्याला बोलावून घेणारी मीच होते. तू त्याचा दोष मला देतेस असं वाटलं. देत असशील तर दे, पण सांगून दे.

तुझी नणंद

१५ एप्रिल

प्रिय वन्सं,

तुटक बोलले ते वेगळ्या कारणाने. आम्ही ते घर सोडलं. एकटीच्या पगारात दोन खोल्या ठेवणं जमेना. मी कामाला जाते त्या कवळ्यांच्या प्रयोगशाळेच्या वर एक खोली रिकामी होती, मालकीणबाईंनी ती दिली. फोन त्यांच्या जिन्यात आहे आणि त्या समोरच भाजी चिरत बसतात. त्यांच्यासमोर काय बोलू? दादाला हे सांगितलेलं नाही. तूही सांगू नकोस. खोलीत प्लास्टरचा वास येतो, पण ठकीला गंमत वाटते. साच्यातून बिघडलेले दात मी तिला खेळायला देते, ती त्यांची शाळा भरवते.

तुला दोष मी का देऊ? आईचं दुखणं वाढलं असताना भावाला न कळवणारी बहीण असतीस तर दिला असता. आणि बरं वाटतंय हे लिहिलंस ते चांगलं केलंस. तीन वर्षं तू सगळं ठीक म्हणालीस आणि आम्ही ते मानलं, कारण मानणं सोयीचं होतं. मी तुझ्यावर रागावलेली नाही.

आम्ही का येत नाही तेही ऐक. आम्ही दोघी निघालो तर आमचेही अर्ज त्याच दिवशी संपतील. मग इथलं दार तिघांनाही बंद. मी इथे आहे म्हणून निदान फटीत पाय अडकवलेला आहे.

आता मुख्य गोष्ट. मफलरवाले सापडले. आजारी होते, रजेवर होते, परवा खिडकीत दिसले. वय झालेला, बारीक आवाजाचा माणूस. मी तुझ्या दादाचं नाव सांगितलं. दात-ओठ खायच्या तयारीने गेले होते. त्यांनी चष्मा काढला आणि मला पहिला प्रश्न विचारला, "आईंना बरं आहे का?"

इतक्या लोकांतून त्यांना हा एक माणूस लक्षात होता. काय झालं ते मी सांगितल्यावर ते पुढचा नंबर पुकारायचंच विसरले. मग हळू आवाजात म्हणाले, नवा नियम त्यांच्यापर्यंत आलाच नव्हता. तो आला हे त्यांना फेब्रुवारीत, एका भांडणातून कळलं. आणि त्या दिवशी खात्री वाटेना म्हणून त्यांनी वरच्या मजल्यावर फोन करून विचारलं होतं. वरून सांगण्यात आलं, जाऊ द्या, अर्ज चालू राहतो. त्यांनी तेच सांगितलं.

मी हे तपासणी अधिकारीबाईंना सांगितलं. त्या कडक आहेत, पण माणूसघाण्या नाहीत. त्यांनी दार लावून घेतलं आणि मला दोन रस्ते दाखवले. सरळ शब्दांत नाही, पण मी काही कुक्कुलं बाळ नाही. खिडकीतल्या एका माणसाने हलगर्जीपणे स्वतःच्या मनाने चुकीचं सांगितलं, असं तुझ्या दादाने लिहून दिलं, तर ती एका माणसाची चूक ठरते. त्याच्यावर कारवाई होईल आणि आपल्या माणसाला खास बाब म्हणून लवकर परत येता येईल, कदाचित महिन्याभरात. पण वर विचारून सांगितलं होतं असं लिहिलं, तर चूक साऱ्या खात्याची. मग सप्टेंबरपासून ज्यांना ज्यांना हाच सल्ला मिळाला त्यांना शोधावं लागेल, आणि तुझा दादा त्या रांगेत उभा राहील. किती काळ ते त्याही सांगू शकत नाहीत.

मफलरवाल्यांच्या बोलण्याला एकट्याने वजन नाही. स्वतःला वाचवायला बोलतात असं म्हणतील. समोर बसलेल्या माणसाने काय पाहिलं, त्यावर सगळं आहे.

तेव्हा दादाला विचार. एवढंच विचार की उत्तर देण्याआधी त्या माणसाने काय केलं? फोनचा शब्द तू काढू नकोस. त्याच्या तोंडून काय येतं ते बघ.

त्याने काय म्हणावं असं मला वाटतं, ते मला विचारू नकोस. ठकी रोज एक दात साच्यावर बसवते आणि म्हणते, हा बाबा.

तुझी वहिनी

६ मे

प्रिय वहिनी,

विचारलं. आई झोपली होती, आम्ही दोघं स्वयंपाकघरात भांडी पुसत होतो. तू सांगितलंस तेवढंच विचारलं. तो लगेच म्हणाला, "फोन उचलला ना. वर कुणाला तरी विचारलं. माझं सगळं नीट सांगितलं त्यांना, आईचंसुद्धा. मग मला म्हणाला, जा."

मग मी त्याला तुझं पत्र वाचून दाखवलं, घर सोडल्याची ओळ गाळून. आणि वहिनी, मग मीच त्याला म्हणाले, फोनचं लिहू नकोस. मी, जिला तो इथे हवा आहे. मी म्हणाले, तो माणूस आज ना उद्या निवृत्त होईल, तुझी मुलगी लहान आहे. तू खोटं कुठे लिहितोस, फक्त एक गोष्ट लिहीत नाहीस. तो भांडी पुसत राहिला. मला वाटलं पटलं. मग तो म्हणाला, "लिफ्ट अडकली की आतले लोक लिफ्टमनच्या अंगावर ओरडतात. बिघाड असतो वरच्या खोलीत. लिफ्टमन बदलला म्हणून उद्या ती अडकायची थांबत नाही."

मी म्हटलं, तुझी बायको आणि मुलगी खाली उभ्या आहेत. तो म्हणाला, "म्हणूनच तर."

दुसऱ्या दिवशी त्याने सगळं लिहून काढलं. ते तुला वेगळ्या पाकिटात पाठवलंय. अक्षर नेहमीसारखंच, कोंबडीचे पाय. पण फोन उचलला, किती वेळ बोलला, काय बोलला, सगळं आहे. पोस्टात टाकायला मीच गेले. पेटीपाशी थोडा वेळ उभी राहिले, आणि टाकलं.

मग त्याने जे केलं त्यासाठी मी त्याच्यावर अजून रागावलेली आहे. त्याने आईला सगळं सांगून टाकलं. म्हणे, तिकडे खरं लिहायचं आणि इथे रोज खोटं बोलायचं हे जमत नाही. त्याचं मन हलकं झालं असेल. आई त्या दिवशी जेवली नाही. संध्याकाळी म्हणाली, "मग तू लवकर जा." तेव्हापासून ती त्याला पाहुण्यासारखं वागवते. पाणी हवं असलं तरी मला हाक मारते, तो समोर असताना. उभी राहणं थांबलं. त्याच्या हाताने उठत होती ती आता माझ्या हातानेही उठत नाही.

खरं बोलणं चांगलं असतं असं आपण लहानपणापासून ऐकत आलो. त्याची किंमत कोण देतं ते कुणी सांगत नाही.

तुझी नणंद

२ सप्टेंबर

प्रिय वन्सं,

जुलैत फोनवर तुझा रडण्याचा आवाज ऐकला आणि मी जिन्यात उभी राहून नुसतं हं हं करत राहिले. नंतर चार वेळा पत्र लिहायला घेतलं आणि फाडलं.

मी आईंच्या शेवटच्या दिवसांत आले नाही. येऊ शकले असते, निघायचं ठरवलंही होतं. आधी त्या खिडकीत गेले, आणि यावेळी उत्तर लिहून मागितलं. त्यांनी लिहून दिलं, गेलात तर अर्ज रद्द. तो कागद हातात घेऊन मी घरी आले आणि दिवसभर लोकांचे दात घासत बसले. तुझ्या आईने मला लग्नानंतर पहिल्यांदा काय सांगितलं होतं, माहीत आहे? या घरात कुणी जेवायला थांबत नाही, तुला भूक लागली की तू जेव. इतकं मोकळं मला माझ्या आईनेही कधी सोडलं नव्हतं. त्यांना शेवटचं पाणी पाजायला मी नव्हते. तू होतीस, दादा होता. तू लिहिलंस की अखेरच्या आठवड्यात त्यांनी पाण्यासाठी पुन्हा त्याला हाक मारली. ते वाक्य मी पुन्हा पुन्हा वाचते.

तुला इकडचं सांगायचं राहिलंय. दादाचं लिहिलेलं पोचल्यावर अधिकारीबाई स्वतः वरच्या मजल्यावर गेल्या. तिथे एक फोनची खोली आहे. खिडकीतल्या माणसांना अडलं की ती तिथे विचारतात. तिथे नुकत्याच लागलेल्या दोन मुली होत्या, आणि त्यांच्यासमोर जुन्या नियमांचं बाड. नवा नियम आला तेव्हा तो साहेबांच्या टेबलापर्यंत पोचला, आणि साहेबांची बदली झाली. नव्या साहेबांना वाटलं जुन्यांनी खाली कळवलं असेल. वन्सं, मला कुणीतरी दुष्ट माणूस सापडेल असं वाटत होतं. म्हणजे त्याला शिव्या तरी देता आल्या असत्या. तसा कुणी नव्हताच.

आपल्यासारखी पुष्कळ माणसं निघाली. एक बाई बाळंतपणासाठी माहेरी गेली ती तिकडेच अडकली. एक म्हातारे गृहस्थ भावाच्या अंत्यविधीला गेले आणि परत येण्याची वाट बघत तिकडेच वारले.

ऑगस्टमध्ये आम्हाला काही जणांना बोलावलं. मोठ्या साहेबांसमोर लांब टेबल, पाण्याच्या बाटल्या. सगळ्यांनी आपापलं सांगितलं. माझी पाळी आल्यावर मी रडणार नाही असं ठरवून गेले होते आणि रडले नाही. मी म्हटलं, आम्ही कवळी करतो ती माणसाच्या तोंडात बसते की नाही हे बघितल्याशिवाय त्याला घरी पाठवत नाही. तुम्ही माणसाला देशाबाहेर पाठवता, आणि तुमचा शब्द बसला की नाही हे कधी बघता? मोठे साहेब म्हणाले, बघत नाही. निदान खोटं बोलले नाहीत.

आता काही गोष्टी बदलल्या आहेत. खिडकीत जे सांगतात ते लिहून, खाली सही करून द्यायचं, एक प्रत दप्तरी. आठवड्यात एक सकाळ खिडक्या बंद, तेव्हा सगळ्यांनी बसून नवे नियम वाचायचे. आणि मधूनमधून कुणीतरी साधा माणूस बनून प्रश्न विचारायला येणार, उत्तर तपासायला. रांगा वाढल्या आहेत, लोक कुरकुर करतात. परवा एकजण म्हणत होता, पूर्वी कसं पटकन सांगायचे.

मफलरवाल्यांना चौकशी चालू असताना घरी बसवलं होतं. दादाच्या लिहिण्यामुळे सुटले, परत घेतलं. पण त्यांनी खिडकी नको म्हणून सांगितलं. मी भेटले. म्हणाले, "आता कुणाला 'जा' म्हणायला तोंड उघडत नाही." मागच्या खोलीत कागद लावत बसतात. जो माणूस लोकांच्या आईची चौकशी करायचा, तो खिडकीवरून गेला. हे काही सुधारणेत मोजलं जाणार नाही.

ज्यांना चुकीचं सांगितलं गेलं त्या सगळ्यांचे अर्ज पुन्हा चालू करायचा हुकूम निघालाय. दादाच्या नावाचं सरकारी पत्र तुमच्याकडे येईलच. घर सोडल्याचं आता त्याला सांग.

तुझी वहिनी

१९ नोव्हेंबर

प्रिय वन्सं,

पोचला. फोनवर कळलंच असेल, पण बाकीचं लिहिते.

ठकी सकाळपासून नवे बूट घालून बसली होती. तो विमानतळाच्या दारातून बाहेर आला. बारीक झालाय, केस पांढरे झालेत, हे तू मला सांगितलं नव्हतंस. त्याने बॅग खाली ठेवून हात पसरले. ठकी माझ्या मागे गेली. मग तिथूनच तिने विचारलं, "बाबा, तू किती दिवस राहणार?"

तो खाली बसला. मग म्हणाला, "राहायलाच आलोय." तिने माझ्याकडे बघितलं, खरं का म्हणून. मी हो म्हणून मान हलवली तेव्हा त्याच्याकडे गेली.

अजून तशीच आहे. तो खोलीबाहेर पडला की ती बूट घालते. तो कामाच्या शोधात जातो तेव्हा मालकीणबाईंच्या जिन्यात बसून राहते. होईल हळूहळू.

त्याच्या कायमच्या अर्जाचा निकाल अजून लागायचाय, पण आता तो इथे राहून वाट बघेल.

आता तुझं. तू त्या घरात एकटी आहेस. फोनवर म्हणतेस, सगळं ठीक. या खेपेला मी ते मानणार नाही. दोन महिने आमच्याकडे ये. खोली लहान आहे, पण तुला झोपायला जागा करू. तिकीट काढण्याआधी मात्र सल्ला कार्यालयाला विचार. बाहेरच्यांसाठी आता फोनवरही विचारता येतं. विचारल्याशिवाय निघू नकोस.

तुझी वहिनी

१२ डिसेंबर

प्रिय वहिनी,

खरं सांगते, सगळं ठीक नाही. दादा गेल्यावर पहिले दिवस मी हॉस्पिटलातून मुद्दाम उशिरा घरी यायचे. कुलूप उघडताना अजून वाटतं, आतून कुणीतरी विचारेल, आलीस का. तुझं पत्र आलं तेव्हा मी कपाटावरून बॅगच काढली. मग तुझी शेवटची ओळ वाचली आणि बॅग परत वर ठेवली.

फोन केला. खूप वेळ वाट बघावी लागली. शेवटी एक तरुण मुलगा बोलला. मी सगळं सांगितलं. भाऊ तिकडे आहे, त्याच्या अर्जाचा निकाल लागायचाय, आई गेली, मी एकटी आहे, दोन महिने येऊ का. आणि माझ्या येण्याने त्याच्या अर्जावर काही परिणाम होईल का.

त्याने दोन्ही प्रश्न लिहून घेतले. मग म्हणाला, "पहिल्याचं उत्तर अंदाजाने देता येईल, पण देत नाही. दुसऱ्याचं मला माहीत नाही. विचारून, लिहून कळवतो. तोवर तिकीट काढू नका."

मला आधी त्याचा रागच आला. इतका वेळ वाट बघून माहीत नाही ऐकायचं? फोन ठेवला आणि खुर्चीत बसले. बसल्या बसल्या दादाचा विचार आला. त्या दिवशी त्याला कुणीतरी एवढंच म्हणालं असतं तर.

आज उत्तर आलं. खाली त्या मुलाची सही आहे, आणि ज्यांना विचारलं त्यांचीही. लिहिलंय, भावाचा निकाल लागेपर्यंत भेटीचा अर्ज करू नये. एकट्या, मागे कुणी नसलेल्या माणसाची भेट, तो परत जाईलच याची खात्री नाही म्हणून, आत्ता नाकारली जाण्याची शक्यता जास्त आहे. आणि एकदा नाकारली की ते नावावर राहतं. त्याच्या अर्जाला मात्र धोका नाही. निकाल लागल्यावर पुन्हा विचारावं. तेव्हाही परवानगी मिळेलच असं नाही.

वाचून रडले, वहिनी. हॉस्पिटलात न जाता घरी बसून रडले. मला हो हवं होतं. पण मग उठले, तोंड धुतलं, आणि दुपारच्या पाळीला गेले. उद्यापासून संध्याकाळी दोन रुग्णांना घरीच व्यायामाला बोलावलंय, आईच्या खोलीत. एक आजोबा आहेत, त्यांची डावी बाजू गेली आहे. घरात चार माणसं येतील, जातील.

दादाला सांग, जेवत जा. ठकीला सांग, आत्या येणार आहे. कधी, असं तिने विचारलं तर उगाच तारीख सांगू नकोस. अजून माहीत नाही म्हणून सांग.

तुझी नणंद